दहा चाळीसचा पंखा

अकरा वर्षं मी या विद्यापीठाचे वर्ग आखतोय,
ट्रोम्सोच्या टेकडीवर, जिथे नोव्हेंबरच्या शेवटी
सूर्य सही करून रजेवर जातो
आणि जानेवारी अर्धा सरेपर्यंत तोंड दाखवत नाही.
खुर्चीला किती जागा, दाराला किती रुंदी,
माणशी ताशी किती हवा,
सगळं माझ्या तक्त्यात आहे.
शिकवणारे तक्त्यात नव्हते.
त्यांना आम्ही उद्घाटनाच्या दिवशी किल्ली द्यायचो,
केकबरोबर.

यंदा वरून पत्र आलं : प्राध्यापकांना विचारा.
वीस जणांना बोलावलं. आले चार.
त्यातला एक, कायद्याचा ओद्वार, चुकून आलेला;
कॉफी संपवली, "प्लग वाढवा" म्हणाला, गेला.

मी भिंतीवर नकाशा लावला,
रंगीत चिठ्ठ्या वाटल्या.
तिघंही नकाशाकडे बघत राहिली,
आपल्याच आजाराचं नाव
डॉक्टरच्या अक्षरात वाचावं तशी.

सामी भाषा शिकवणारी इंगा-मारेत उठली.
"खुर्च्या जमिनीला ठोकल्यात.
माझी मुलं येतात ती घरात हरवलेली भाषा बोलायला,
आजोबांना शाळेत जी बोलू दिली नव्हती.
त्यांना पहिलं वाक्य
कुणाच्या तरी मानेकडे बघून बोलावं लागतं."
बसली.
तिची चिठ्ठी कोरीच होती.

तोरगैर, खडकांचा माणूस,
त्यानं खिशातून मूठभर दगड काढले.
"तुमच्या उतरत्या बाकांवर हे कसे दाखवू?"
म्हणत माझीच फाईल तिरकी धरली
आणि चाळीस कोटी वर्षं
खडखडत माझ्या बुटांपाशी आली.

मग राग्नफ्रिड. संख्याशास्त्र. निवृत्तीला दोन वर्षं.
"तीनशे चौदामध्ये दहा चाळीसला पंखा सुरू होतो."
हवा खेळती राहावी म्हणून, मी म्हणालो.
"बरोबर आहे. पण तासाचं मुख्य वाक्य
नेमकं तेव्हाच येतं, आणि ते मी हळू सांगते.
आवाज खाली आणला की मुलं पुढे झुकतात.
पंखा झुकत नाही."

कुणी हसलं नाही.
ती वेळ मीच भरली होती,
एका मंगळवारी, जेवणाआधी,
रकान्यात काहीतरी आकडा हवा म्हणून.
अकरा वर्षं. वर्षाला तीसेक तास.
गुणाकार मला येतो. केला नाही.

स्वयंपाक करणारीला न विचारता
चूल मांडली होती मी,
आणि वर धुराची तक्रार का येत नाही म्हणून
खूश होतो.

नंतर ती तिघं आपसात भांडली.
खुर्च्या सुट्या केल्या तर संध्याकाळी सरळ कोण लावणार,
वर्तुळ हवं की रांगा,
आणि एका तासाचं वर्तुळ दुसऱ्याच्या तासाला अडचण झालं तर?
दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन हिल्दूर उभी होती,
वर्ग बंद करायला आलेली.
"प्रत्येक तासानंतर वर्ग कसा दिसतो ते मी बघते," म्हणाली.
"चौदा ते सतरा नंबरच्या खुर्च्यांखाली
कधी कागदाचा कपटाही सापडत नाही.
समोर खांब आहे."
ती निमंत्रणाच्या यादीत नव्हती.
यादी मीच केली होती.

डिसेंबरात एकदा जाऊन पंधरा नंबरवर बसलो.
खिडकीत भर सकाळची रात्र.
खांबापलीकडे राग्नफ्रिडची फक्त कोपरं दिसत होती, खडूसकट.
दहा चाळीस झाले.
पंखा गप्प.
तिचा आवाज उतरला :
"इथपर्यंत मोजलेलं आहे. इथून पुढे अंदाज.
हद्द कुठे आहे ते लपवू नका."
पुढच्या रांगेतली एक पाठ झुकली.
मग शेजारची.
मग मी.

दुसऱ्या बैठकीला तिघांतली दोघंच आली.
पैसे मार्चनंतर मिळतील, मी सांगितलं,
तोवर खुर्च्या ठोकलेल्याच राहतील.
हिल्दूरला या वेळी रीतसर पत्र गेलं होतं.
ती येताना पाना घेऊन आली.